परत पाठवलेला पाव

वाचकहो, डॉक्टरांनी स्वतःच्या चुका चारचौघांत सांगू नयेत, असा एक अलिखित संकेत आहे. रुग्णाचा विश्वास डळमळतो, म्हणतात. गेली अठ्ठावीस वर्षे ठाण्यात जनरल प्रॅक्टिस करताना मीही तो संकेत पाळत आले. आज तो मोडते आहे. कारण जी चूक माझ्या हातून एका परदेशी, महागड्या उपाहारगृहात झाली, तीच चूक तुमच्यापैकी कुणाच्याही घरी, एखाद्या लग्नाच्या पंगतीत किंवा वाढदिवसाच्या जेवणात, अगदी सहज होऊ शकते.

माझे वडील मूळचे वेंगुर्ल्याचे. आम्ही सारे त्यांना आप्पा म्हणतो. एस.टी.मध्ये वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी आयुष्य काढले. गाडी कोणती, कुठे निघाली, किती मिनिटे उशीर, याची नोंद ठेवता ठेवता त्यांच्या अंगातच एक वेळापत्रक भिनले. सकाळी सातला चहा, नऊला न्याहारी, एकला जेवण, रात्री आठला जेवण. आई असताना ती हसून म्हणायची, ‘‘यांच्या पोटात डेपोचं घड्याळ आहे.’’ वयाच्या साठीत त्यांना मधुमेह झाला आणि हे घड्याळ आमच्या फार उपयोगी पडले. पुढे इन्सुलिन सुरू करावे लागले, तेव्हाही मला कधी काळजी वाटली नाही. सकाळच्या न्याहारीआधी अर्धा तास आणि रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास, असे मिश्र इन्सुलिन ते स्वतःच टोचून घेतात. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली एक गोळीही त्यांना चालू आहे. या गोळीचा उल्लेख पुढे पुन्हा येईल. तो लक्षात ठेवा.

माझी मुलगी पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे नोकरी करते. गेल्या वर्षी आप्पांना ऐंशी पूर्ण झाली. आजोबांनी आपले शहर पाहावे, असा नातीचा हट्ट. सप्टेंबरात आम्ही दोघे तिकडे गेलो. उन्हाळी घड्याळानुसार लिस्बन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात, तेव्हा तिथे दुपारचे चार. पहिले तीन दिवस मी इन्सुलिनच्या वेळा हळूहळू सरकवल्या, दिवसातून चार-चार वेळा साखर तपासली. चौथ्या दिवशी सारे रुळावर आले. आप्पांनी तेजो नदीचे विशाल पात्र पाहिले, बेलेंच्या मठातली वास्को द गामाची समाधी पाहिली आणि ‘‘हा इथे झोपलाय होय!’’ एवढेच म्हणाले. पाचव्या दिवशी रात्री वाढदिवसाचे जेवण होते.

नातीने महिनाभर आधी जागा राखून ठेवली होती. पोर्तुगीज स्वयंपाकाची नव्या पद्धतीने मांडणी करणारे ते उपाहारगृह. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. सात पदार्थांचा ठरलेला क्रम. आपण काही निवडायचे नाही, ते आणतील ते खायचे. जागा रात्री आठची. मी हिशेब केला: आठला जेवण, म्हणजे साडेसातला इन्सुलिन. आप्पांनी घरीच ते घेतले आणि आम्ही निघालो.

इथूनच, वाचकहो, माझ्या चुका मोजायला लागा.

उपाहारगृह पायी दहा मिनिटांवर होते. पण लिस्बन म्हणजे टेकड्यांचे शहर. रस्ता सारा चढाचा. फरसबंदी चुनखडीच्या गुळगुळीत लहान दगडांची, दिसायला सुरेख आणि म्हाताऱ्या पावलांना निसरडी. आप्पा माझा हात धरून सावकाश चढले. इन्सुलिन घेतल्यानंतरचा चढ म्हणजे रक्तातली साखर आणखी खाली उतरवणारा व्यायाम, हे मी रुग्णांना नेहमी सांगते. त्या क्षणी मात्र माझे लक्ष त्यांच्या पावलांकडे होते. आठला आम्ही पोचलो. टेबल तयार नव्हते. वीस मिनिटे आम्हाला पाठ नसलेल्या उंच स्टुलांवर बसवून ठेवले आणि स्वागत म्हणून पांढऱ्या पोर्ट वाइनचे इवलेसे प्याले दिले. नातीच्या आग्रहाखातर आप्पांनी दोन घोट घेतले. रिकाम्या पोटी घेतलेले मद्य यकृताला साठवलेली साखर सोडण्यापासून अडवते. दोन घोटांनी फार काही होत नाही. पण त्या रात्री सारी वजने एकाच पारड्यात पडत होती.

अखेर टेबलावर गेलो. आत अंधूक पिवळा उजेड, काळे टेबल, राखाडी ताटल्या, भिंतीतून घुमणारे संगीत. आप्पांनी कानातले यंत्र काढून खिशात ठेवले. आपल्याला वाटते, कानाचे यंत्र घातले की झाले; पण गोंगाटात ते यंत्र गोंगाटही मोठा करते. त्यामुळे पुढचा तासभर आप्पा आमच्यात बसले होते आणि आमच्यात नव्हते. आम्ही काय बोलतो ते त्यांना ऐकू येत नव्हते, पुढे काय ठेवले आहे ते नीट दिसत नव्हते. उतारवयात बाहुली आकसते, भिंग धूसर होते. तरुण डोळ्याला जो उजेड रम्य वाटतो, तो ऐंशीच्या डोळ्याला काळोखच असतो.

बसताच वेटरने एक टोपली आणून ठेवली. तिच्यात जाड सालीचा, अजून ऊब असलेला पाव, सोबत लोणी आणि ऑलिव्ह. पोर्तुगालमध्ये याला ‘कुव्हेर’ म्हणतात. मागितले नसले तरी टेबलावर येते. खाल्ले तर पैसे लागतात, नको असेल तर परत पाठवता येते. त्या अंधारातही आप्पांना पावाचा वास बरोबर कळला. त्यांचा हात टोपलीकडे गेला. मी तो हलकेच बाजूला केला. ‘‘आप्पा, पाव नको. साखर चढेल. अजून सात पदार्थ यायचे आहेत.’’ आणि वेटरला खूण करून मी ती टोपली परत पाठवली.

मधुमेहाच्या रुग्णांना ‘पाव टाळा’ असे मी दिवसाकाठी दहा वेळा सांगते. जिभेला इतकी सवय झालेले वाक्य डोक्यात शिरण्याआधीच बाहेर पडते. इन्सुलिन घेऊन तास होत आलेला, पोट रिकामे, चढ चढून आलेले म्हातारे शरीर. त्या क्षणी आप्पांना जगात सर्वांत अधिक गरज कशाची असेल, तर त्या पावाच्या दोन तुकड्यांची होती. ते त्यांच्या हाताला ठाऊक होते. मला, डॉक्टरला, नव्हते.

पावणेनऊला पहिला पदार्थ आला. एक शिंपला, त्यावर हिरव्या सफरचंदाचा बर्फ. दुसरा, ऑक्टोपसचे कागदासारखे पातळ काप. आप्पांची कवळी त्या चिवट कापांपुढे हतबल झाली. त्यांनी ते गालात धरून ठेवले आणि नंतर हळूच हातरुमालात काढले. मधे वीस मिनिटे काही नाही. मग तिसरा पदार्थ आला तो बाकल्याव.

बाकल्यावची मी खरोखर वाट पाहत होते. बाकल्याव म्हणजे कॉड मासा, उत्तरेच्या थंड समुद्रातला, मीठ लावून कडक वाळवलेला. आपल्याकडच्या खाऱ्या सुकटीसारखाच त्याचा जन्म. शिजवण्याआधी तो दिवस-दीड दिवस पाण्यात भिजत ठेवतात आणि पाणी पुनःपुन्हा बदलतात, म्हणजे खारटपणा उतरतो. मग बटाटा, कांदा, लसूण, ऑलिव्ह तेल. पोर्तुगीज लोक सांगतात की त्यांच्याकडे याच्या वर्षाच्या दिवसांइतक्या पाककृती आहेत. सुक्या माशांच्या वासात वाढलेल्या वेंगुर्लेकराला हा पदार्थ परका वाटला नसता. पण आमच्यासमोर आला तो माशाचा फेस! एका मोठ्या राखाडी ताटलीच्या तळाशी पांढरा फेस, त्यावर बटाट्याची चिमूटभर पूड आणि ऑलिव्हच्या रसाचे तीन काळे ठिपके. चमचा घातला तर हाताला काही लागेना. जिभेवर ठेवला तर खारटपणा तेवढा उरला. ज्या माशाने गरिबांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पोटे भरली, त्याचे पोट भरण्याचे कामच कुणीतरी काढून घेतले होते.

मी नातीकडे पाहिले. तिलाही कळले होते. पण ती उसने हसत म्हणाली, ‘‘वेगळं आहे ना?’’ मी वेटरला विचारले, पुढे भाताचा पदार्थ आहे, तो आधी आणता येईल का? त्याने आत विचारून येऊन अतिशय अदबीने सांगितले की क्रम बदलता येत नाही, भात पाचवा.

तेवढ्यात आप्पा म्हणाले, ‘‘कुडाळची गाडी सुटली काय?’’

नात खळखळून हसली. मीही हसले. आप्पांच्या थट्टा अशाच असतात. उशीर होतो आहे, हे त्यांनी त्यांच्या भाषेत सांगितले, असे आम्हाला वाटले. ते हसले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारले, जरा चिडून, आणि हातातला चमचा मांडीवर पडला. मी तो उचलायला वाकले आणि माझा हात त्यांच्या हाताला लागला. हात गार आणि ओला होता. कपाळावर घामाचे थेंब. काळोखात ते मला दिसलेच नव्हते.

वाचकहो, त्या क्षणी माझी अठ्ठावीस वर्षे एकदम जागी झाली. पर्समध्ये ग्लुकोमीटर होता. बोटाला टोचले. ५२. साखर ७० च्या खाली गेली की ती धोक्याची. ५४ च्या खाली गेली तर गंभीर. पुढे बेशुद्धी, आकडी, हृदयाचे ठोके बिघडणे, काहीही होऊ शकते. पर्समध्ये ग्लुकोजची पूड शोधली. नव्हती. दिवसभर फिरताना खांद्याला लावतो त्या पिशवीत ती होती आणि पिशवी घरी.

नात उठून वेटरकडे धावली, ‘‘आसूकार, आसूकार!’’ आपली साखर आणि त्यांचे आसूकार ही एकाच कुळातली लेकरे. वेटर कॉफीसोबत देतात ती साखरेची पाकिटे मूठभर घेऊन आला. आप्पा शुद्धीवर होते, गिळू शकत होते, हे मी आधी पाहिले. तीन पाकिटे अर्ध्या पेल्या पाण्यात विरघळवून त्यांना घोट घोट पाजले. एवढ्यात आप्पांनी मान वर केली, वेटरच्या डोळ्यांत पाहिले आणि अगदी स्पष्ट म्हणाले, ‘‘पाव.’’

आमचे घाईतले इंग्रजी त्या माणसाला नीट कळत नव्हते. हा शब्द मात्र कळला. त्यांच्या भाषेत पावाला ‘पाँव’ म्हणतात. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी तो शब्द गलबतातून आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि आपला झाला. तो पोरगा वळला आणि मी परत पाठवलेली टोपली घेऊन आला. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले: ८१. मग मी स्वतःच्या हाताने पावाला लोणी लावले आणि तुकडा तुकडा त्यांना दिला. दहाएक मिनिटांत त्यांच्या डोळ्यांत ओळख परत आली. ‘‘कुडाळची गाडी कुठून आली मधे?’’ असे त्यांनीच आम्हाला विचारले.

उरलेले पदार्थ आले आणि गेले. भात आला तो दोन चमचे. बिल तिघांचे मिळून साडेतीनशे युरोंच्या वर होते. परतताना टॅक्सी केली. त्या रात्री मी दर दोन तासांनी उठून आप्पांची साखर पाहिली, कारण मिश्र इन्सुलिनचा एक भाग संथपणे रात्रभर काम करीत असतो. एकदा शुद्ध आली म्हणजे धोका टळला, असे समजून झोपू नये.

मध्यरात्री स्वयंपाकघरात दिवा दिसला. नात टेबलापाशी रडत बसली होती. ‘‘मी त्यांना मारलंच असतं, आई.’’ मी तिला सांगत होते की चूक तिची नव्हे, माझी. तोच आप्पा काठी टेकत आले आणि खुर्ची ओढून बसले.

मी विचारले, ‘‘आप्पा, भूक लागली होती, अंग गळत होतं, तर बोललात का नाही?’’

‘‘पोरीनं महिनाभर आधी जागा धरली होती. तिचं तोंड बघत होतो. एवढी खूश होती. तिचा रसभंग कशाला करायचा?’’ मग थोडे थांबून ते माझ्याकडे पाहत म्हणाले, ‘‘आणि तू पाव परत पाठवलास. तू डॉक्टर. म्हटलं, असेल काही.’’

या वाक्यावर मला आजवर उत्तर सापडलेले नाही. म्हणूनच हा लेख लिहिते आहे.

आपल्या घरातली वृद्ध माणसे बहुधा तक्रार करीत नाहीत. कधी मुलांचा आनंद मोडू नये म्हणून, कधी आपण ओझे वाटू नये म्हणून, तर कधी शिकलेल्या मुलांना अधिक कळते या विश्वासाने. आपण त्यांच्या या गप्प राहण्याला ‘आजोबा मजेत आहेत’ असे समजतो. आणि त्यांच्या आनंदासाठी म्हणून जो बेत आखतो, त्यात त्यांना एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: तुम्हाला काय हवे?

आता डॉक्टर म्हणून थोडे. उतारवयात साखर उतरल्याची लक्षणे पुस्तकातल्यासारखी दिसत नाहीत. तरुण माणसाचे हात थरथरतात, छाती धडधडते, भूक खवळते. वृद्ध माणूस कधी नुसता चिडचिड करतो, असंबद्ध बोलतो, गप्प होतो, पेंगतो, त्याचा तोल जातो. घरच्यांना वाटते, वय झाले, थकला, विसरला. त्यातून बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल, तर धडधड आणि थरथर हे धोक्याचे घंटानाद दबून जातात. घाम मात्र बहुधा येतो. म्हणून मधुमेही वृद्ध अचानक वेगळे वागू लागले, तर आधी साखर पाहा. यंत्र जवळ नसेल तर साखर उतरली आहे असे धरूनच चाला. तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, ७० च्या वर गेली नसेल तर पुन्हा तेवढेच द्या. सावरल्यावर पोळी, पाव, भात असे काही खायला द्या. चॉकलेट किंवा बर्फी या वेळी कामाची नाही. त्यातल्या स्निग्धतेमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आणि माणूस बेशुद्ध असेल, गिळत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाते. तत्काळ रुग्णालय गाठा.

बाहेर जेवायला जाताना इन्सुलिन घरी घेऊन निघू नका. ते सोबत न्या आणि जेवण नक्की केव्हा येणार हे कळल्यावर घ्या. काही प्रकारची इन्सुलिन ताट समोर आल्यावर घेता येतात. तुमचे कोणते आहे, ते तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांनाही हाच नियम लागू आहे. ‘मुहूर्त साडेबाराचा आहे’ म्हणून बाराला गोळी घेतलेले आणि पंगत अडीचला बसल्यामुळे मांडवातच कोसळलेले आजोबा माझ्या दवाखान्यात दर लग्नसराईत येतात. त्यांच्या मुलांना मी किती रागावले आहे! यापुढे जरा कमी रागावेन.

जागा निवडताना पदार्थांच्या कीर्तीआधी चार गोष्टी पाहा: पाठ आणि हात टेकायला खुर्ची, वाचता येईल एवढा उजेड, बोललेले ऐकू येईल एवढी शांतता आणि जवळ स्वच्छतागृह. शक्य तर दुपारचे जेवण ठरवा. आणि पहिल्या दहा मिनिटांत पोटात काहीतरी जाईल, अशी व्यवस्था आधी सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी आम्ही आप्पांनाच विचारले, कुठे जेवायचे? ते म्हणाले, ‘‘जिथे दिवसा उजेडी माणसं पोटभर जेवतात तिथे.’’ नातीच्या घराजवळ एक खानावळ होती. कागदाची मेजपाने, आठ टेबले, गल्ल्यावर एक जाडजूड बाई. बसल्यावर पाच मिनिटांत वाडगे आले. सूप होते, ‘कांजा’: कोंबडीच्या रश्श्यात मऊ शिजलेला भात. आप्पांनी पहिला चमचा घेतला आणि म्हणाले, ‘‘ही तर आपली पेज!’’

ते खरेच होते. हा शब्दही गलबतातूनच गेला, पण उलट्या दिशेने. दक्षिण भारतातली कंजी पोर्तुगीजांनी उचलली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये भारतात आला आणि पुढे गोव्यात राहिला, तिथेच वारला. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. आजाऱ्याला मिरी-जिरे घातलेले भाताचे पाणी देतात आणि त्याला ‘कांजे’ म्हणतात, असे त्याने त्यात लिहून ठेवले आहे. लिस्बनमध्ये तेजोच्या काठी त्याच्या नावाची बाग आहे, पणजीतही आहे. माझ्या या जुन्या व्यवसायबंधूला, आजाऱ्याला काय देतात हे इथल्या माणसांकडून शिकून घ्यावेसे वाटले. मी मात्र आदल्या रात्री माझ्याच वडिलांना विचारले नव्हते.

मग निखाऱ्यावर भाजलेले सार्डिन आले, मिठाचे खडे लावलेले, सोबत उकडलेले बटाटे. ‘‘तारली!’’ आप्पांचे डोळे चमकले. काटा कसा काढायचा हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. हातांनी ते काम आपोआप केले. मी एवढेच म्हणाले की वरचे मीठ झटकून खा. बटाटा, कोबी, काजू, अननस, चावी, साबण हे सारे शब्द इथूनच आपल्याकडे आले, हे नात त्यांना सांगत होती आणि या वेळी त्यांच्या कानात यंत्र होते. पैसे देताना बाई काहीतरी ‘पगार’ म्हणाली. त्यांच्या भाषेत पगार म्हणजे पैसे देणे. आप्पा म्हणाले, ‘‘आम्हाला मिळायचा, हिला द्यायचा.’’ तिघांचे जेवण पस्तीस युरोंत झाले.

परत आल्यावर मी आप्पांच्या मधुमेहतज्ज्ञांना सारा प्रकार सांगितला. त्यांनी रात्रीचे इन्सुलिन कमी केले. ऐंशीच्या वयात तीन महिन्यांची सरासरी साखर तरुणाइतकी काटेकोर ठेवण्याचा अट्टहास धरू नये. थोडी वर राहिली तरी चालते, पण ती एकदम कोसळणे घातक ठरते. हे मला ठाऊक होते. आप्पांचे आकडे ‘छान’ येत होते, म्हणून मी त्यावर बोट ठेवले नव्हते, इतकेच.

दवाखान्यातही एक बदल झाला आहे. वृद्ध रुग्ण समोर बसले की पूर्वी माझा पहिला प्रश्न असे, ‘‘साखर किती आली?’’ आता मी आधी विचारते, ‘‘जेवता किती वाजता? आणि कोण वाढतं?’’ या दोन प्रश्नांच्या उत्तरांत पुष्कळदा आकड्यांहून अधिक कळते.

आप्पा ठीक आहेत. बरोबर आठला जेवतात. परवा त्यांचा सदरा धुवायला टाकताना खिशात साखरेची तीन पाकिटे सापडली, परदेशी छपाईची. विचारले तर म्हणाले, ‘‘त्या रात्रीची. एवढं बिल दिलंस, तीन पाकिटं तरी आपली. बाहेर जाताना असू देत खिशात.’’

मी ती पुन्हा त्यांच्या धुतलेल्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. तुमच्या घरच्या आजी-आजोबांच्या खिशातही आजच ठेवा.